आयसोलेटर बसवला तरी डॅकमधली किरकिर परत येते? जोड कुठे उरलाय ते शोधा

यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अॅनालॉग सिग्नल करणारी डबी) आणि अ‍ॅम्प वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. लॅपटॉपला डॅक, डॅकमधून आरसीए केबलने अ‍ॅम्प, अ‍ॅम्पवर स्पीकर. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक किर्र ऐकू येते. माउस हलवला की तिचा सूर बदलतो, वेबपान सरकवलं की चिरचिरते, एखादा गेम चालू केला की तिला जोर चढतो. कोणीतरी सांगतं, ‘यूएसबी आयसोलेटर लाव’, म्हणजे दोन बाजूंमधला तांब्याचा जोड तोडून सिग्नल तेवढा पुढे पाठवणारी डबी. लावला की शांत. मग काही दिवसांनी घरात सबवूफर येतो, मॉनिटर बदलतो, कपाट हलतं, आणि किरकिर पुन्हा हजर. आयसोलेटर गेला असं समजून लोक दुसरा मागवतात.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. डिजिटल आणि अ‍ॅनालॉग बाजू त्याने एका ठिकाणी तोडलेल्या असतात, आणि आपण नकळत त्या दुसरीकडून जोडून दिलेल्या असतात. म्हणून खालचा बराचसा मजकूर हा दुसरा जोड शोधण्याबद्दल आहे. आयसोलेटर कोणता घ्यावा हे त्यामानाने सोपं काम.

आधी कानाने ओळखा

आवाज कसला आहे यावरून अर्धं निदान होतं. जाड, खालच्या पट्टीतला ‘हंऽऽ’ असेल तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे मेन्सचा. जरा कर्कश, माशी घोंघावल्यासारखा असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर. हे रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या बाजूने येतात. स्थिर शिट्टीसारखा आवाज असेल तर यूएसबीवर संशय घ्या. फुल-स्पीड यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, तिचा सूर १ किलोहर्ट्झ. हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदांना मायक्रोफ्रेम, म्हणजे ८ किलोहर्ट्झ. आणि माउस, स्क्रोल, ग्राफिक्स यांच्याबरोबर बदलणारी किरकिर म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जसजसा करंट ओढतात त्याचा थेट ठसा.

मग लॅपटॉपचा चार्जर काढा. नुसता स्विच बंद करू नका, लॅपटॉपमधली पिन उपसून काढा. एचडीएमआय वगैरे बाकीच्या वायरीही काढा, फक्त डॅक राहू द्या. बॅटरीवर किरकिर तत्क्षणी गेली तर तुमच्याकडे ग्राउंड लूप (ग्राउंडच्या वायरींचं बंद कडं) आहे किंवा चार्जरमधून गळणारा करंट आहे, आणि आयसोलेशनने तो जाईल. बॅटरीवरही तसाच आवाज राहिला तर दोष दुसरीकडे आहे, त्याबद्दल पुढे. ही चाचणी फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते, तरी आयसोलेटर विकत घेण्याआधी ती करणारे फार थोडे भेटतात.

डेस्कटॉप असेल तर बॅटरीची सोय नाही. तिथे उसना लॅपटॉप किंवा ओटीजी केबल लावलेला मोबाइल त्याच डॅकला जोडून बघा.

हे होतं कसं

तीन पिनांच्या चार्जरमध्ये लॅपटॉपचं ग्राउंड बऱ्याचदा अर्थला जोडलेलं असतं. अ‍ॅम्पही तीन पिनांचा असेल तर त्याचं सिग्नल ग्राउंड आणि अर्थ एक झालेले असू शकतात. आता यूएसबी केबलची शील्ड, डॅकचं ग्राउंड, आरसीएची बाहेरची जाळी, अ‍ॅम्पचं ग्राउंड, भिंतीतली अर्थ वायर आणि परत लॅपटॉप असं पूर्ण कडं तयार झालं. त्यात जो काही करंट फिरतो तो आरसीएच्या जाळीतून जातो, आणि आरसीएमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वायर आहे. गोम तिथेच आहे.

आकड्यांत बघा. जाळी आणि प्लगचा मिळून रोध ०.१ ओहम धरा. कड्यात १ मिलिअँपियर फिरला तर जाळीच्या दोन टोकांत ०.१ मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि अ‍ॅम्प त्याला गाण्याचाच भाग समजून वाढवतो. डॅकचा पूर्ण आवाजाचा सिग्नल साधारण २ व्होल्ट. म्हणजे ही किरकिर गाण्याच्या ८६ डेसिबल खाली, रात्री शांत खोलीत जेमतेम जाणवेल अशी. करंट १० मिलिअँपियर झाला की ती गाण्याच्या फक्त ६६ डेसिबल खाली राहते, आणि मग भर दुपारी पंखा चालू असतानाही कानाला टोचते.

दोन पिनांच्या चार्जरने कडं तुटतं असं वाटतं, पण पुरतं तुटत नाही. त्या चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये एक वाय-कपॅसिटर मुद्दाम लावलेला असतो, रेडिओ नॉइज कमी करायला. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपियर सोडतो. धातूच्या लॅपटॉपवर उघडा हात फिरवला की झिणझिण्या येतात त्या याच. ५० हर्ट्झच्या हिशेबाने हा करंट किरकोळ, पण त्याच कपॅसिटरमधून चार्जरच्या स्विचिंगचा वरच्या पट्टीतला कचराही पार होतो, आणि तो डॅकमधून वाट काढत अ‍ॅम्पपर्यंत पोचतो.

एक उपाय मात्र कोणी सांगितला तरी करायचा नाही: अ‍ॅम्पच्या किंवा लॅपटॉपच्या प्लगची अर्थ पिन कापणं, किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळणं. आवाज जातो, खरं आहे. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर अ‍ॅम्पची धातूची पेटी २३० व्होल्टवर जाईल आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही. तोडायचा असतो तो सिग्नलचा मार्ग, सुरक्षेचा नाही.

तोडायचं कुठे

डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि पीसीच्या मदरबोर्डवर किंवा टीव्हीवर ऑप्टिकल आउटपुट असेल, तर पुढचं काही वाचू नका. टॉसलिंकची, म्हणजे ऑप्टिकल केबल घ्या आणि मोकळे व्हा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही पद्धत आजही सगळ्यात स्वस्त आणि पक्कं आयसोलेशन देते. प्लॅस्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच येत नाही, त्यामुळे ग्राउंड लूप होणार कसा? मर्यादा दोनच. ९६ किलोहर्ट्झपर्यंत बिनघोर चालते, १९२ ला केबल आणि रिसीव्हरवर अवलंबून राहावं लागतं. आणि डीएसडी (एक वेगळा हाय-रिझोल्यूशन ऑडिओ प्रकार) वगैरे विसरायचं. सीडी दर्जाची आणि ऑनलाइन सेवांवरची बहुतेक गाणी ऐकणाऱ्याचं यात काही अडत नाही. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपी असते, ती काढायला विसरू नका. ‘ऑप्टिकल चालतच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची टोपी आत राहिलेली असते.

दुसरी सोपी वाट नेटवर्कची. लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये आतच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे इथरनेट मुळातच आयसोलेटेड. अ‍ॅम्पशेजारी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) किंवा एखादा स्ट्रीमर ठेवला आणि गाणी पीसीवरून नेटवर्कने पाठवली, तर पीसी आणि ऑडिओ यांच्यात तांब्याचा जोड राहत नाही. फक्त केबल साधी, बिनशील्डची घ्या. धातूच्या प्लगवाली शील्ड केलेली महागडी केबल लावली की शील्डमधून दोन्हीकडची ग्राउंड परत जुळतात. जास्त पैसे मोजून लूप विकत घ्यायचा हा प्रकार आहे.

हे दोन्ही शक्य नसेल तर यूएसबी आयसोलेटर. बाजारात स्वस्तात मिळतात त्यांत बहुधा अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडीयूएम३१६० किंवा एडीयूएम४१६० चिप असते. चिप चांगली आहे, पण ती फुल-स्पीडची, म्हणजे १२ मेगाबिट. यातून यूएसबी ऑडिओ क्लास १ (यूएसबीवरून आवाज पाठवण्याची जुनी पद्धत) जातो, जास्तीत जास्त २४ बिट ९६ किलोहर्ट्झ. काही डॅक फुल-स्पीडवर नीट उतरतात, काही नुसतेच रुसून बसतात: विंडोजमध्ये ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ असा निरोप येतो. तो आयसोलेटरचा दोष नाही, डॅकला क्लास १ येतच नाही एवढाच अर्थ. हाय-स्पीड, ४८० मेगाबिट हवं असेल तर एडीयूएम४१६६ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयएसओयूएसबी२११ वर बांधलेला घ्या. महाग आहे, पण डॅकच्या सगळ्या क्षमता वापरता येतात.

वीज हा दुसरा अडसर. स्वस्त आयसोलेटरमध्ये पलीकडच्या बाजूला वीज देणारा बी०५०५एस नावाचा चिमुकला डीसी-डीसी मोड्यूल असतो, १ वॅटचा. म्हणजे ५ व्होल्टवर २०० मिलिअँपियर, फार तर. हेडफोन अ‍ॅम्प असलेला डॅक त्याहून जास्त मागतो. मग आवाज वाढवला की डॅक मध्येच गायब होतो आणि पुन्हा जोडला जातो. हे ‘बिघाड परत परत येतो’ म्हणून सांगितलं जातं, पण ती निव्वळ उपासमार आहे. अशा डॅकला पलीकडच्या बाजूने वेगळी वीज द्या. आणि खालची भानगड सुरू होते ती नेमकी इथूनच.

परत जोडलं गेलंय ते कुठे

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. आधी सगळे प्लग भिंतीच्या सॉकेटमधून उपसा. आपल्याकडच्या बोर्डाचा स्विच फक्त फेज तोडतो. प्लग आत राहिला तर अर्थ जोडलेलीच राहते आणि मोजमाप फसतं. अ‍ॅम्प तासाभरापूर्वीपर्यंत चालू असेल तर थोडं थांबा. सिग्नलच्या केबल सगळ्या जागच्या जागी असू द्या. मीटर ओहमवर लावून एक टोक लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला, दुसरं डॅकच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला लावा.

एका ओहमच्या आत आकडा आला तर आयसोलेशन नाहीच. मेगाओहममध्ये काही दिसलं किंवा आकडा हळूहळू चढत गेला तर चिंता नको. दोन बाजूंमध्ये स्थिर वीज निचरायला मोठा रेझिस्टर किंवा लहान कपॅसिटर लावलेला असतो, त्याचं ते लक्षण. ओहम शून्याजवळ असेल तर एकेक केबल काढत जा. ज्या केबलला आकडा उडी मारून वर जातो ती गुन्हेगार. प्लग उपसलेले असताना आकडा चांगला आणि प्लग लावून स्विच बंद ठेवल्यावर वाईट आला, तर कडं भिंतीतल्या अर्थमधून पुरं होतंय, म्हणजे डॅकच्या बाजूचं काहीतरी अर्थला जोडलेलं आहे. अ‍ॅम्प असेल तर तो तसा असायलाच हवा, अर्थ एका बाजूला एकदाच चालते. पण त्या स्थितीत यूएसबीचा जोड मात्र तुटलेला पाहिजे.

सापडणारे जोड ठरावीक असतात. डॅकच्या बाजूला दिलेली वेगळी वीज त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टमधून घेतलेली. किंवा एकाच अनेक पोर्टांच्या मोबाइल चार्जरमधून पायला आणि डॅकला वीज: त्या चार्जरच्या सगळ्या पोर्टांचं ग्राउंड आत एकच असतं. मॉनिटरला एचडीएमआय आणि मॉनिटरच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्पच्या दुसऱ्या इनपुटला ऑक्स केबल, ती आता कोणी वापरत नाही पण लागलेली आहे. सबवूफरची लाइन केबल. डॅकच्या कोअ‍ॅक्सियल इनपुटला सेट-टॉप बॉक्स. अ‍ॅम्पचे इनपुट सिलेक्टर सहसा फक्त मधली तार बदलतात, ग्राउंड सगळ्यांचं कायम एकत्र असतं. त्यामुळे ‘तो इनपुट निवडलेलाच नाही’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

आणि पेटी. अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या डबीत बसवलेला एक आयसोलेटर माझ्याकडे तपासायला आला होता, कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. चार स्क्रू काढले. बोर्ड व्यवस्थित: मधोमध चिप, तिच्याखाली तांबं नाही, पीसीबीला खाच कापलेली, इथपर्यंत शाबासकी. पण दोन्ही टोकांच्या यूएसबी सॉकेटची धातूची टोपणं डबीच्या दोन पत्र्यांना घट्ट टेकलेली, आणि पत्रे स्क्रूने डबीला. मीटरने टोपणापासून टोपणापर्यंत ०.३ ओहम दाखवले. दोन्ही सॉकेटची टोपणं आपापल्या ग्राउंडला सोल्डर केलेली, म्हणजे आत काळजीपूर्वक तोडलेलं ग्राउंड डबीनेच जोडून टाकलं होतं. बोर्ड साध्या प्लॅस्टिकच्या डबीत घातला आणि किरकिर थांबली. तुमचा आयसोलेटर धातूच्या डबीत असेल तर पहिलं माप दोन टोपणांमध्ये घ्या.

हेच मोठ्या प्रमाणात लोखंडी रॅकवर होतं. डॅकची पेटी तिच्या ग्राउंडला जोडलेली, पीसीची कॅबिनेटही तशीच, दोन्ही एकाच रॅकवर, आणि रंग खरवडलेला. खाली रबराचे पाय लावा, संपलं.

ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांच्यासाठी एक सूचना: प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपमधून थेट अर्थला जाते. आयसोलेटरच्या पलीकडे ती लावली की तुम्हीच पूल बांधला. नॉइज मोजायला गेलं की वाढतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

स्वतः डॅक बांधणाऱ्यांसाठी

रास्पबेरी पायवर पीसीएम५१०२ए या डॅक चिपचा बोर्ड लावून डॅक करणारे आता गावोगाव आहेत. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हा बोर्ड सहज मिळतो. त्यात यूएसबी नाही, आयटूएस आहे, म्हणजे चिपपासून चिपपर्यंत डिजिटल आवाज नेणाऱ्या तारा. मग आयसोलेशन आयटूएसवर करायचं. पायच्या १२ नंबरच्या पिनवर बिट क्लॉक, ३५ वर डावी-उजवी बाजू सांगणारा क्लॉक, ४० वर डेटा. तीनच तारा, तिन्ही एकाच दिशेने जाणाऱ्या. आयएसओ७७४१ सारखी चार वाटांची चिप पुरते, तिच्या तीन वाटा जायच्या आणि एक यायची. १०० मेगाबिटची चिप आहे, ४४.१ किलोहर्ट्झला बिट क्लॉक २.८२२४ मेगाहर्ट्झ आणि १९२ ला १२.२८८, दोन्ही आरामात बसतात.

आयसोलेटर चिपच्या रास्पबेरी पायकडच्या बाजूला त्याचेच ३.३ व्होल्ट, डॅकच्या बाजूला डॅकचे ३.३. तिथे चुकून ५ दिले तर ५ व्होल्टचे सिग्नल ३.३ च्या पीसीएममध्ये घुसतील. दोन्ही बाजूंना चिपच्या पिनांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पीसीएमची एससीके पिन डॅकच्या ग्राउंडला, म्हणजे तो बिट क्लॉकवरून स्वतःचा मास्टर क्लॉक तयार करतो. डॅकची वीज वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून: ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा कपॅसिटर, ७८०५. जुनाट वाटेल, पण या जागी त्याला तोड नाही.

डीसी-डीसी मोड्यूल वापरणारच असाल तर दोन गोष्टी. बी०५०५एस रेग्युलेटेड नसतो. अगदी कमी लोडवर त्याचा व्होल्टेज ५ च्या वर चढतो, म्हणून थोडा लोड कायम ठेवा. आणि त्याच्या आउटपुटला इंडक्टर-कपॅसिटरचा फिल्टर, मग लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर, अशीच ओळ ठेवा. शिवाय आयसोलेशन म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. डिजिटल आयसोलेटर चिपच्या दोन बाजूंमध्ये एक-दोन पिकोफॅरडचा छुपा कपॅसिटर असतो, डीसी-डीसीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दहापट, आणि मेन्सच्या साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शेकड्यांनी. ५० हर्ट्झला हे काहीच नाही. मेगाहर्ट्झच्या कचऱ्याला मात्र ही उघडी खिडकी आहे, म्हणून यूएसबी किंवा वीजेच्या केबलवर फेराइटचा मणी घालून ठेवणं वाया जात नाही.

पाय आणि डॅक एकाच धातूच्या पट्टीवर पितळी स्टँडऑफने कसले असतील तर वरचं सगळं फुकट. बोर्डाच्या भोकाभोवती बऱ्याचदा ग्राउंडचं तांबं असतं, स्क्रू तेच पट्टीला जोडतो. नायलॉनचे स्टँडऑफ वापरा.

जिटरची भीती घालणारे भेटतील: आयसोलेटर क्लॉकला थोडं डळमळीत करतो. करतो, हे खरं. पीसीएम५१०२ए च्या बोर्डावर ते ऐकू येईल असं मला वाटत नाही, कारण त्या चिपचा आतला पीएलएलच क्लॉक नव्याने बनवतो आणि पायचा मूळ क्लॉकही काही आदर्श नाही. गंभीरपणे करायचं असेल तर उत्तर ठरलेलं आहे. २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे ऑसिलेटर डॅकच्या बाजूला, डॅक चिपला चिकटून ठेवायचे, त्यांचा क्लॉक आयसोलेटरच्या उलट्या वाटेने पायकडे किंवा यूएसबी चिपकडे पाठवायचा, आणि आलेला डेटा डॅकच्या बाजूला फ्लिप-फ्लॉपने पुन्हा वेळेवर आणायचा. मग आयसोलेटरच्या डळमळीला डॅकपर्यंत वाटच उरत नाही.

यावरून होणारा एक गोंधळही सांगतो. आयसोलेशन करायचं म्हणून काहीजण एकाच बोर्डावरचं ग्राउंड चिरतात: इकडे डिजिटल, तिकडे अ‍ॅनालॉग, मध्ये फट. डॅक चिपच्या डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) आणि एजीएनडी (अॅनालॉग ग्राउंड) या पिना चिपजवळ एकत्रच जोडायच्या असतात. फट ठेवून तिच्यावरून सिग्नलची तार नेली की परतीचा करंट लांबून वळसा घेतो आणि तो वळसाच अँटेना होतो. एका बोर्डावर ग्राउंड सलग ठेवा, डिजिटल भाग एका अंगाला, अ‍ॅनालॉग दुसऱ्या अंगाला. खरं तोडणं आयसोलेटरच्या जागी, पूर्ण, मध्ये तांब्याची रेघही नाही असं.

आयसोलेशनने न जाणारे आवाज

चार्जर काढून, लॅपटॉप बॅटरीवर असताना आवाज राहिला तर लूप शोधत बसू नका. डॅकचा प्लग अ‍ॅम्पमधून काढा. आवाज तसाच असेल तर अ‍ॅम्पचाच आहे: जुन्या अ‍ॅम्पमध्ये फुगलेले फिल्टर कपॅसिटर हे पहिलं संशयित. डॅक लावल्यावरच येत असेल पण लॅपटॉप बदलूनही जात नसेल तर डॅकची वीज खराब. यूएसबीवर चालणाऱ्या डॅकला स्वतंत्र वीज असलेला हब मध्ये घालून बघा. फ्रिज सुरू होताना ‘टक्’ येतं, किंवा पंख्याचा जुना रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना घरघर येते, ते हवेतून किंवा मेन्समधून येतं. अ‍ॅम्पचा प्लग वेगळ्या सर्किटवर लावून फरक पडतो का ते पाहा. बोर्डाची अर्थिंगच ढिली असेल तर वायरमनला बोलवा, ते ऑडिओपेक्षा निकडीचं आहे.

अ‍ॅनालॉग बाजूला ट्रान्सफॉर्मर

आरसीएच्या मध्ये घालायचा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाचा बोटभर लांबीचा डबा मिळतो. त्यात दोन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतात. लूप तोडतो, वादच नाही. पण त्याचा गाभा इवलासा; खालच्या सुरांना तो लवकर भरतो (सॅच्युरेट होतो) आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पोकळ येतो. ४० हर्ट्झचा सूर आधी हळू, मग मोठ्याने वाजवून बघा. मोठ्या आवाजाला तो फाटल्यासारखा झाला तर तो डबा कारमध्येच शोभतो. जेन्सनसारखे चांगले ट्रान्सफॉर्मर हे काम व्यवस्थित करतात, पण त्या किमतीत ऑप्टिकल इनपुट असलेला दुसरा डॅक येईल. डॅक आणि अ‍ॅम्प दोघांना एक्सएलआरची बॅलन्स्ड जोडणी असेल तर तीच वापरा. तिथे जाळी सिग्नलच्या वाटेत नसते आणि छोटा लूप बहुधा ऐकूच येत नाही.

केबल टीव्हीची वायर हा आपल्याकडचा खास उपद्रव. सगळं तपासून झालं, आयसोलेटर ठीक, डबी प्लॅस्टिकची, तरी जाड ‘हंऽऽ’ आहे आणि सेट-टॉप बॉक्स अ‍ॅम्पला जोडलेला आहे, तर बॉक्सच्या पाठीमागची अँटेनाची गोल वायर स्क्रू सैल करून काढा. आवाज गेला? ती वायर इमारतभर फिरून, कुठल्या कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला टेकून तुमच्याकडे आलेली असते. तिच्या शील्डवरचा व्होल्टेज तुमच्या अर्थपेक्षा वेगळा असणारच. इथे ऑडिओच्या वायरीत काही घालायची गरज नाही, त्या अँटेनाच्या वायरीतच कपॅसिटरवाला कोअ‍ॅक्स आयसोलेटर बसवा, चित्रात फरक पडत नाही. डिश असेल तर मात्र हा उपाय करू नका. छतावरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या रिसीव्हरला) १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच वायरीतून जाते, कपॅसिटर ती अडवतो आणि सगळे चॅनेल जातात. डिशवाल्यांनी बॉक्सचा आवाज टीव्हीमार्गे ऑप्टिकलने डॅकमध्ये न्यावा, आणि बॉक्सपासून अ‍ॅम्पला गेलेली जुनी लाल-पांढरी वायर उपसून टाकावी.